गुन्ह्यावरचा उपाय तपासून घेतला आहे का?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे छोटे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडे बाजार भरला होता. बाजारात आलेल्या पाच अनोळखी माणसांवर कोणीतरी मुले पळवणारी टोळी असल्याचा संशय घेतला. काही वेळातच जमाव जमला, त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेण्यात आले आणि तेथेच मारहाणीत त्यांचा जीव गेला. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची होती. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी अस्तित्वातच नव्हती. होते ते मोबाइलवर फिरणारे संदेश आणि चित्रफिती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. न्यायालयाने आपले काम केले. परंतु असे पुन्हा घडू नये म्हणून नेमके काय करावे, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटत नाही. त्याच सुमारास जवळच्या मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी सुखरूप बाहेर काढले. अफवा तीच आणि दिवसही तेच. मग एका ठिकाणी माणसे वाचली आणि दुसऱ्या ठिकाणी का नाही? पोलीस ठाण्याचे अंतर, की गावातील कोणा वजनदार माणसाने घातलेला आवर, की आणखी काही? हा प्रश्न भावनेचा नाही, अभ्यासाचा आहे. आणि अभ्यासाला पैसा लागतो.

साथीच्या रोगात अशा प्रश्नांची सवय झालेली असते. गोवराची साथ एका वस्तीत पसरते आणि शेजारच्या वस्तीत थांबते, तेव्हा लसीकरणाच्या नोंदी काढल्या जातात, घरोघरी चौकशी होते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला तेव्हा हेच झाले. हिंसेच्या बाबतीत मात्र घटना घडली की बंदोबस्त वाढतो, बैठक होते, आश्वासन मिळते आणि फाइल बंद होते. जागतिक आरोग्य सभेने १९९६ मध्येच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न असल्याचा ठराव केला होता. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर सविस्तर अहवालही काढला. रोगाप्रमाणेच हिंसेचेही ठिकाण, वेळ, कारण आणि प्रसार यांचा हिशेब मांडता येतो, एवढेच त्यामागचे साधे सूत्र आहे.

पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा?

राईनपाड्यासारख्या घटना २०१७-१८ मध्ये देशाच्या अनेक भागांत घडल्या. त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीने दोन गोष्टी केल्या. भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. दुसरी गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. खोटी माहिती कशी पसरते यावर संशोधन करण्यासाठी कंपनीने जगभरातून प्रस्ताव मागवले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये २० संशोधक गटांना प्रत्येकी ५० हजार डॉलर, म्हणजे एकूण १० लाख डॉलर जाहीर केले.

त्यांपैकी एक गट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा होता. शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या या गटाने महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलून २०१९ मध्ये अहवाल दिला. 'लोक अडाणी आहेत, त्यांना मोबाइल नीट कळत नाही, म्हणून ते फसतात' हा सर्वसाधारण समज या अहवालाने खोडून काढला. अफवा पुढे ढकलणाऱ्यांत मोबाइल उत्तम हाताळणारे लोक भरपूर होते. आधीपासून मनात असलेल्या पूर्वग्रहाशी संदेश जुळला की तो पुढे जातो. भटक्यांविषयीचा संशय तर आपल्याकडे फार जुना आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही.

येथे निधीचा मूळ प्रश्न पुढे येतो. ज्या कंपनीच्या साधनावरून अफवा पसरली, त्याच कंपनीने त्यावरच्या संशोधनाला पैसे दिले. संशोधकांना स्वातंत्र्य होते. पण कंपनीने आपल्याकडील वापरकर्त्यांची माहिती त्यांना दिली नाही. औषध कंपनीने स्वतःच्याच औषधाची चाचणी करवून घ्यावी, तसाच हा प्रकार. निष्कर्ष खोटा निघतोच असे नाही. मात्र कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता टाळायचा, हे बहुतेक वेळा पैसे देणारा ठरवतो. तंबाखूच्या बाबतीत जगाने त्याची मोठी किंमत मोजली आहे. अमेरिकेत बंदुकीच्या जखमांबाबत उलट घडले. १९९६ मध्ये तेथील संसदेने रोग नियंत्रण केंद्रांच्या अंदाजपत्रकातून बंदूक-संशोधनाएवढी २६ लाख डॉलरची रक्कम छाटली आणि या पैशातून शस्त्रबंदीचा प्रचार होऊ नये अशी अट घातली. पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्या विषयावर सरकारी संशोधन जवळपास थंडावले. कशावर संशोधन होते याइतकेच कशावर होत नाही, हेही निधीच ठरवतो.

इमारत उभी राहते, उत्तर मिळत नाही

आपल्याकडे गुन्हे आणि न्याय यांच्या विज्ञानासाठी पैसा येत नाही, असे मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्याआधी जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने न्यायसहायक सुविधा वाढवण्यासाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची नवी आवारे, नव्या केंद्रीय प्रयोगशाळा आणि दिल्लीच्या आवाराचा विस्तार आहे.

ही गरज खरी आहे. विषबाधेचा मृत्यू असला की शवविच्छेदनाच्या अहवालावर 'व्हिसेरा राखून ठेवला' असा शेरा येतो आणि मृत्यूचे अंतिम कारण प्रयोगशाळेच्या अहवालावर थांबते. तोवर नातेवाइकांचा विमा अडतो, तपास अडतो, कधी निरपराध माणसावरचा संशयही तसाच लटकत राहतो. खानदेशातील नमुन्यांसाठी नाशिकची प्रादेशिक प्रयोगशाळा आणि धुळ्याची लघु प्रयोगशाळा आहे. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा १८७० पासून आहे, म्हणजे ही परंपरा दीडशे वर्षांची. यंत्रे आणि माणसे वाढलीच पाहिजेत.

पण यंत्र विकत घेणे आणि ते यंत्र सांगते ते कितपत खरे आहे हे तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये न्यायसहायक विज्ञानाची झडती घेतली. पुराव्यातील नमुना अमुक एका व्यक्तीचाच आहे, हे मोठ्या खात्रीने सांगू शकणारी पद्धत म्हणून पेशींतील केंद्रकाच्या डीएनए चाचणीखेरीज दुसरी कोणतीही कसोटीला उतरली नव्हती. केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना, चाव्याच्या खुणा यांवर अनेक वर्षे शिक्षा होत होत्या. २०१५ मध्ये तेथील तपास संस्थेने केसांच्या तुलनेवरील आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत चुकीची विधाने आढळली. आपल्याकडे नार्को चाचणीचा केवढा गाजावाजा झाला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. विज्ञानाचे नाव घेऊन आलेली प्रत्येक गोष्ट विज्ञान नसते.

याउलट थोड्या खर्चात केलेल्या अभ्यासाने मोठा बदल घडल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचार झालेल्या महिलांची वैद्यकीय तपासणी प्रत्यक्षात कशी होते, याचा अहवाल २०१० मध्ये मांडला. कौमार्याविषयी काहीही न सांगणारी, बाईची अवहेलना करणारी 'दोन बोटांची चाचणी' सर्रास होत असल्याचे त्यातून पुढे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये या चाचणीविरुद्ध स्पष्ट शब्दांत निर्णय दिला. या अभ्यासाला कोट्यवधींचे यंत्र लागले नव्हते. रोजच्या कागदांकडे कोणीतरी नीट पाहिले होते.

चांगला हेतू पुरेसा नाही

नवे औषध बाजारात येण्याआधी त्याची चाचणी होते. ज्यांना औषध दिले आणि ज्यांना दिले नाही, अशा दोन गटांची तुलना होते. गुन्ह्यावरच्या उपायांना हा नियम कोणी लावत नाही. 'हे केले तर गुन्हे कमी होतीलच' असे गृहीत धरले जाते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात बिघडलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचा कार्यक्रम फार लोकप्रिय झाला. त्यावरील माहितीपटाला ऑस्कर मिळाले. नंतर शास्त्रशुद्ध चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा दिसले की, त्या मुलांनी तुरुंग न पाहिलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले. औषध म्हणून दिलेले विष निघाले. सीसीटीव्हीचेही असेच तपासून पाहण्यासारखे आहे. ४० वर्षांतील अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, कॅमेऱ्यांमुळे एकूण गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी घटले, सर्वाधिक फायदा वाहनतळांवर झाला, मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे दुचाकी चोरीसाठी कॅमेरा उपयोगी ठरू शकतो. बाजारातील हाणामारी थांबवण्यासाठी तोच लावला तर 'जखम मांडीला आणि मलम शेंडीला' असे होईल.

भारतात अशा चाचण्या होऊ शकत नाहीत, हाही गैरसमज आहे. राजस्थानात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांबरोबर ११ जिल्ह्यांतील १६२ ठाण्यांत वेगवेगळे उपाय अजमावले. पोलिसांना दिलेल्या प्रशिक्षणाचा आणि वारंवार होणाऱ्या बदल्या थांबवण्याचा फायदा दिसला. साप्ताहिक सुटीचा उपाय मात्र कागदावरच राहिला, कारण ठाण्यांनी तो नीट राबवलाच नाही. ही माहितीही मोलाचीच.

जळगाव जिल्ह्याची सीमा ज्या मध्य प्रदेशाला लागते, तेथील प्रयोग तर आणखी जवळचा. १८० पोलीस ठाण्यांतील काहींत महिला साहाय्य कक्ष सुरू केले, काहींत केले नाहीत आणि तुलना केली. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारी नोंदवून घेण्याचे प्रमाण वाढले आणि त्यात कक्षाची जबाबदारी महिला पोलिसांकडे असलेली ठाणी पुढे होती. मात्र तक्रार घेऊन ठाण्यापर्यंत येणाऱ्या महिलांची संख्या त्याने वाढली नाही. एका अभ्यासाने दोन गोष्टी सांगितल्या: काय करावे आणि कोठे अजून काम बाकी आहे.

अफवांच्या बाबतीतही उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत आहे. बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी लोकांना घरी जाऊन सुमारे तासभर खोटी बातमी ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. एकंदरीत उपयोग झाला नाही. हे अपयश त्यांनी लपवले नाही, प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्यासह एका गटाने बिहारमध्येच ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक किशोरवयीन मुलांबरोबर काम केले. या वेळी एक तास नव्हे, तर काही आठवड्यांत विभागलेले चार वर्ग घेतले आणि विषय निवडला आरोग्यविषयक खोट्या माहितीचा. चार महिन्यांनंतरही मुलांची पारख टिकून होती आणि त्यांच्या पालकांमध्येही थोडी उतरली होती. लसीचा एक डोस पुरेना म्हणून वेळापत्रक बदलावे, तसेच हे झाले. पहिल्या अपयशाला निधी मिळाला नसता, तर दुसरे यशही हाती आले नसते.

अपघात विभागातील चार ओळी

मग धुळे-जळगावने काय करावे? त्याचे एक उत्तर ब्रिटनमधील कार्डिफ शहरात आहे. तेथील तोंड आणि जबड्याचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की, मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. मग अपघात विभागात प्रत्येक जखमीला काही साधे प्रश्न विचारले जाऊ लागले: मारहाण कोठे झाली, केव्हा झाली, कशाने झाली. नावगाव वगळून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेला दिली गेली. गस्त कोठे घालायची, कोणत्या दारूगृहावर लक्ष ठेवायचे, हे त्यावरून ठरू लागले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झाले.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे अपघात विभागात मारहाणीच्या रुग्णाची एमएलसी नोंद होते. ती नोंद खटल्यासाठी केली जाते आणि खटल्यापुरतीच राहते. तिच्यातून बेरीज कोणी काढत नाही. बांधावरून झालेली भांडणे पेरणीच्या दिवसांत वाढतात का? आठवडे बाजार, बस स्थानक, लग्नसराई यांचा वाटा किती? 'जिन्यावरून पडले' असे सांगणाऱ्या किती बाया पुन्हा पुन्हा येतात? सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या म्हातारीला डाकीण ठरवून मारहाण होते, तेव्हा त्याआधी गावात कोणता आजार किंवा कोणता मृत्यू झालेला असतो? या प्रश्नांची उत्तरे दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळेत मिळणार नाहीत.

काही सावधगिरी अर्थातच हवी. ही माहिती एखाद्या वस्तीवर किंवा जमातीवर ठपका ठेवण्यासाठी वापरली गेली, तर १८७१ चा कायदा मागच्या दाराने परत येईल. नाव, जात, ओळख पटेल असा कोणताही तपशील रुग्णालयाबाहेर जाता कामा नये. घरातील हिंसेबाबत तर अधिकच जपायला हवे, कारण नोंद उघड झाली तर ती बाई पुन्हा त्याच घरात मार खाते. केवळ प्रश्न विचारून भागत नाही, विचारल्यावर आधारही द्यावा लागतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने २००० च्या सुमारास सुरू केलेले 'दिलासा' केंद्र हेच काम करते. रुग्णालयातच समुपदेशन, कायद्याची मदत आणि नोंद, हे तिन्ही एकत्र मिळते.

आधी रिक्त पदे भरा, व्हिसेराचे अहवाल वेळेत आणा, संशोधन नंतर बघू, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण माणसे आणि पैसा कमी असतो, तेव्हाच ते कोठे लावायचे हे नेमके कळण्याची गरज जास्त असते. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना वाहने आणि कॅमेरे मिळतात. अशा प्रत्येक खर्चाबरोबर त्याचा परिणाम मोजण्यासाठी छोटी रक्कम बाजूला ठेवली आणि मोजणीचे काम खर्च करणाऱ्या खात्याऐवजी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या तिसऱ्या संस्थेकडे दिले, तरी सुरुवात होईल. निधी देताना प्रश्न तीनच विचारायचे: ज्यांच्यावर उपाय होणार त्या लोकांचा हा प्रश्न आहे का, तुलनेसाठी दुसरा गट ठेवला आहे का, आणि उपाय फसला तरी निष्कर्ष जाहीर होणार आहे का.

अफवा ओळखण्याचे वर्ग खानदेशातील शाळांत घ्यायचे झाले, तर ते प्रमाण मराठीत चालतील की अहिराणी, पावरी, भिलोरीत अधिक रुजतील, हेही बिहारच्या अभ्यासातून कळणार नाही. काही शाळांत एका पद्धतीने आणि काही शाळांत दुसऱ्या पद्धतीने शिकवून वर्षभराने तपासून पाहावे लागेल. त्यासाठी लागतील काही शिक्षक, एक छापील पुस्तिका आणि नोंद ठेवणारी दोन माणसे.